कोरा हात, गोंदलेला हात

मायचं वर्षश्राद्ध उरकलं, पाहुणे पांगले आणि दुपारी ओसरीवर मी आणि माझी भाची अशा दोघीच उरलो. केज तालुक्यातलं आमचं गाव. भाची बावीस वर्षांची, बीडला खोली करून राहते, केंद्रीय पोलीस दलाच्या भरतीची तयारी करते. पहाटे मैदानावर पळते, दुपारी अभ्यासिकेत बसते. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून काम करून निवृत्त झाले. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. पडद्यावर मायचा हात होता. कोपरापासून मनगटापर्यंत सुरकुत्या आणि त्यांच्यामधून अजूनही स्पष्ट दिसणारं हिरवट-काळं गोंदण: तुळशीवृंदावन, त्याच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या ओळी, खाली विंचू.

“आत्या, हे मी माझ्या हातावर गोंदून घेणार आहे,” ती म्हणाली.

माझ्या तोंडून पहिला शब्द “नाही” असाच निघाला. मग आम्ही तिन्हीसांजेपर्यंत बोलत बसलो. ते बोलणं इथं मांडते आहे, कारण हा प्रश्न आता घरोघरी आहे आणि घरातलं उत्तर बहुधा त्या एका शब्दावरच थांबतं.

मी : हे तुला सुचलं कुठून? मैत्रिणींचं बघून?

ती : मैत्रिणींचं बघून उलट नको वाटायला लागलं होतं. एकीच्या मनगटावर उडणारे पक्षी, एकीच्या मानेवर इंग्रजी वाक्य. एका मित्राच्या दंडावर न्यूझीलंडच्या मावरी लोकांची नक्षी आहे. ती नक्षी काय सांगते ते मी नंतर वाचलं. मावरी माणसाच्या अंगावरची नक्षी त्याचं कूळ, त्याची वंशावळ सांगते. म्हणजे हा पोरगा दुसऱ्याचं आडनाव दंडावर लावून फिरतो आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. मग आजी दवाखान्यात होती तेव्हाचा हा फोटो सापडला. सलाईनच्या पट्टीखाली तुळस दिसली. म्हटलं, माझं काही असेल तर ते हे.

मी : तुझं कसं? ते तिचं तरी कुठं होतं? माय सात-आठ वर्षांची असेल, तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. गोंदणारीण दारात आली. एका बाईनं मायचे पाय दाबून धरले, दुसरीनं हात. शिवणाच्या तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात खललेली. लेकराचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून गोंदणारीण मोठ्यानं गाणं म्हणत राहायची. झालं की वर हळद-तेल, आणि मोबदला म्हणून सूपभर ज्वारी. मायचा हात आठवडाभर सुजून होता. गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचं पाणी सासरी चालत नाही, असं तिला सांगितलं होतं. तू ज्याला वारसा म्हणतेस, त्याची सुरुवात अशी आहे. त्या लेकराला कुणी विचारलं नव्हतं.

ती : ते मला माहीत नव्हतं. पण आजी स्वतः काय म्हणायची ते मी ऐकलंय. बहात्तरच्या दुष्काळात तिनं पाटल्या मोडल्या, गळ्यातली पुतळ्यांची माळ गहाण पडली ती परत आली नाही. ती हात पुढं करून म्हणायची, “एवढंच सावकाराला नेता आलं नाही. हे माझ्याबरोबर जाईल.” आत्या, ते दुखवून दिलं होतं, तरी पुढच्या सत्तर वर्षांत तिनं ते स्वतःचं करून घेतलं.

मी : आजच्या भाषेत म्हणशील तर ती तिनं परिस्थितीशी केलेली तडजोड होती.

ती : तडजोड असेल. पण तिच्या काळात बाईच्या नावावर शेत नव्हतं, घर नव्हतं. एक कातडी तेवढी नावावर होती. तिच्यावरच्या तुळशीला ती आपली मालमत्ता म्हणत असेल तर मी तिला चूक कसं म्हणू?

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी विषय माझ्या ओळखीच्या वाटेला नेला, दवाखान्याच्या.

मी : बरं, अर्थ बाजूला ठेव. मी सिस्टर म्हणून बोलते. जत्रेत मशीन घेऊन बसलेला माणूस तू बघितला आहेस. पोरांची रांग लागते. सुई तीच, शाईचं टोपण तेच, रक्त पुसायचं फडकंही तेच. निर्जंतुक न केलेल्या सुईतून कावीळ होते, ‘ब’ प्रकारची आणि ‘क’ प्रकारचीही. ‘ब’ काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा सात दिवस जिवंत राहू शकतो. एचआयव्हीचा धोका वेगळाच. एका जत्रेनंतर आमच्याकडं एक पोरगा आला होता, दंडावर बदाम आणि त्यात नाव. सगळा दंड पिकलेला. नाव वाचता येत नव्हतं, इतका पू.

ती : म्हणूनच मी जत्रेत जाणार नाही. सोनारानंच कान टोचावेत, हे तूच शिकवलंस.

मी : सोनार ओळखणार कसा? दुकानाला काच आहे, आत गार हवा आहे, म्हणून?

ती : नाही. तूच सांग ना. तीस वर्षं सुया हाताळल्यास. तू त्या दुकानात गेलीस तर काय बघशील?

तिनं प्रश्न उलटा माझ्याच हाती दिला आणि मी नकळत उत्तर देऊ लागले.

मी : सुईचं पाकीट माझ्या डोळ्यांदेखत फुटलं पाहिजे. त्यावर निर्जंतुक केल्याची खूण आणि मुदतीची तारीख हवी. हातमोजे नवे, आणि मध्येच फोन उचलला तर पुन्हा नवे. शाई मोठ्या बाटलीतून एका वेळच्या छोट्या टोपणात काढलेली, उरलेली फेकून दिलेली. शाई पातळ करायची तर निर्जंतुक पाण्यानं, नळाच्या नव्हे. केस काढायचं पातं नवं. जी हत्यारं पुन्हा वापरतात त्यांच्यासाठी ऑटोक्लेव्ह हवा: 121 अंश, 15 पौंड दाब, 15 मिनिटं. उकळत्या पाण्यात बुचकळून काढणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. वापरलेली सुई जाड डब्यात टाकतो की कचऱ्याच्या पिशवीत, तेही बघीन. आणि त्यानं मला विचारलं पाहिजे: साखर आहे का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, जखमेचा वण उठून गाठ होते का, कशाची ॲलर्जी आहे का. जो यातलं काही विचारत नाही, तो कातडीला कागद समजतो.

ती : बघ, ही यादी कुठल्याच दुकानाच्या जाहिरातीत नसते. मी आणखी दोन गोष्टी शिकले. पहिली: कलाकाराकडं ताजं काम बघायचं नाही. ताजं सगळ्यांचंच छान दिसतं. काळंभोर, चकचकीत. वर्ष-दोन वर्षांपूर्वी केलेलं, भरून आलेलं काम दाखवा म्हणायचं. आणि तेही आपल्यासारख्या सावळ्या कातडीवरचं. गोऱ्या हातावरचा पिवळा, गुलाबी, पांढरा रंग आपल्या हातावर तसा उठून दिसत नाही. आपल्याला काळा खुलतो. हे न सांगता जो रंगीत फुलांचे पैसे घेतो, तो माझा कलाकार नाही.

मी : आणि दुसरी?

ती : जो ‘नको’ म्हणू शकतो तो खरा. मी एकाला विचारलं होतं, मनगटाएवढ्या जागेत अष्टकोनी राजमुद्रा होईल का, सगळ्या अक्षरांसकट. तो लगेच हो म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी एक मुलगी काम करते. ती म्हणाली, एवढ्या जागेत अक्षरं बसतील, पण दहा वर्षांत मात्रा, रफार, अनुस्वार एकमेकांत मिसळून काळा ठिपका होईल. महाराजांच्या मुद्रेचं असं करू नका. मोठ्या जागेवर घ्या, नाहीतर घेऊच नका. तिनं गिऱ्हाईक गमावलं, पण माझा विश्वास मिळवला.

मी : असं मिसळतं कामून?

ती : सुई कातडीच्या वरच्या थराखाली, दीड-दोन मिलिमीटर आत शाई सोडते. शरीराला ती परकी वाटते. संरक्षण करणाऱ्या पेशी धावत येतात, शाईचे कण गिळतात आणि तिथंच बसून राहतात. ती पेशी मेली की कण सुटतात आणि शेजारची दुसरी पेशी ते गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर हे दाखवलं. म्हणून गोंदण जन्मभर राहतं. पण वर्षानुवर्षं कण जरा जरा सरकतात आणि रेषा रुंदावते. अगदी बारीक रेषांची जी शैली आता सगळीकडं चालते, ती पहिल्या वर्षी सुरेख दिसते, नंतर फिकी पडते किंवा पसरते. माणसाचा हुबेहूब चेहरा काढतात त्यात छटांवर छटा असतात. तो मोठ्या जागेवर, फार मुरलेल्या हातानंच काढावा. नाहीतर आईचा चेहरा काढायला जावं आणि भलत्याच बाईचा निघावा. आता आजीचा हात बघ.

तिनं फोटो मोठा केला. मी तो हात पन्नास वर्षांहून जास्त बघितला होता. भाकरी थापताना, कोयत्यावर, माझ्या कपाळावर. पण अशा नजरेनं कधी बघितला नव्हता.

ती : ठिपका जाड आहे आणि दोन ठिपक्यांमध्ये एका ठिपक्याएवढी मोकळी जागा आहे. तुळशीवृंदावन पाच-सात रेषांत उभं केलंय. विंचवाची नांगी तीन ठिपक्यांची. एकही बारकावा असा नाही जो पसरला की हरवेल. बहात्तरच्या दुष्काळी कामावर या हातानं खडी फोडली. नंतर दिवाळी झाली की फडावर, ऊसतोडीला. पाचटानं ओरबाडलेला, उन्हात करपलेला हात. तरी सत्तर वर्षांनी तुळस तुळशीसारखी दिसते. ती गोंदणारीण शाळेत गेली नसेल, पण हा हात पुढं कुठं राबणार आहे हे तिला माहीत होतं. आज शैली निवडायला बसलेल्या कुणीही हे शिकावं. चित्र कसं दिसेल हे नंतर, ही कातडी पुढं काय काय सोसणार आहे हे आधी.

मला कबूल करावं लागलं की सुयांकडं बघता बघता मी त्या बाईच्या हातातली कला कधी बघितलीच नव्हती. तिच्याकडं निर्जंतुक सुई नव्हती, तिनं लेकराची संमती घेतली नव्हती. पण कशाला टिकाऊ म्हणायचं याचं ज्ञान तिच्याकडं होतं, आणि ते कुणी लिहून ठेवलं नाही.

मी : तरी आता दारावर गोंदणाऱ्या बाया येत नाहीत. ते संपलं म्हणून संपू द्यावं.

ती : फिलिपिन्सच्या डोंगरात वांग-ओड नावाची म्हातारी आहे. लिंबाच्या काट्यानं आणि काजळीनं गोंदते. 2023 साली, वयाच्या 106 व्या वर्षी, फिलिपिन्सच्या ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आला. जगभरातून पोरं डोंगर चढून तिच्याकडं जातात, तिच्या हातचे तीन ठिपके घ्यायला. तिनं तिच्या भावंडांच्या नातींना ही विद्या शिकवली. आपल्याकडंही नागा लोकांच्या गोंदणाचे नमुने गावोगाव फिरून जमवणारा मो नागा आहे, तो फॅशनचं शिक्षण घेऊन परत आपल्या मुळाकडं वळला. मराठवाड्याच्या म्हाताऱ्यांच्या हातांचं तसं कुणी केल्याचं मला तरी माहीत नाही. मी फोटो घेऊन आपल्या गल्लीतल्या चार आज्यांकडं गेले. विंचवाला एकीनं विंचू म्हटलं, दुसरी म्हणाली ते झाड आहे. दहा वर्षांनी विचारायलाही कुणी उरणार नाही.

मी : मग वहीत उतरवून ठेव. फोटो काढ. अंगावरच कशाला?

ती : वहीतही ठेवणार आहे. पण वही कपाटात राहते. हात माणसांत फिरतो. कुणी विचारलं की मला आजीचं नाव घ्यावं लागेल.

ऊन उतरलं. मी चहा टाकला. तिच्या बाजूनं पारडं झुकतंय हे मला दिसत होतं, आणि माझ्याकडं एक अवघड प्रश्न शिल्लक होता.

मी : तू भरतीची तयारी करते आहेस. मैदानी चाचणीत पास झालीस आणि या तुळशीपायी वैद्यकीय तपासणीत बाद झालीस तर?

ती : त्याचे नियम मी भरतीच्या जाहिरातीत वाचलेत. केंद्रीय दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं. जागा डाव्या हाताच्या कोपराखालची आतली बाजू, कारण उजव्या हातानं सलाम करायचा असतो, किंवा तळहाताची मागची बाजू. आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी. सैन्यातही हाताची आतली बाजू चालते. गावातल्या कित्येक पोरांनी हे न वाचता मानेवर, दंडावर गोंदून घेतलं आणि आता लेसरनं काढायला पैसे जमवताहेत.

मी : लेसरची गोष्ट मला सांगू नकोस. महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं कित्येक बैठका, आणि तरी पूर्ण जाईल याची खात्री नाही. काळी शाई त्यातल्या त्यात बरी निघते, हिरवी-पिवळी हट्टी असते. सावळ्या कातडीवर पांढरे डाग राहू शकतात. काढता येतं म्हणून काढून घेऊ, हा हिशेब चुकीचा आहे. आणि विंचू? तो धार्मिक चिन्ह आहे असं तू तपासणाऱ्या डॉक्टरला पटवून देणार आहेस?

ती गप्प बसली. पहिल्यांदाच.

ती : विंचू सोडावा लागेल.

मी : आणि तुळस घेतलीस तरी तपासणीत शेवटचा शब्द डॉक्टरचा. तुझ्या पळण्यावर तू दोन वर्षं घातलीस. दोन इंचांच्या चित्रासाठी ती पणाला लावू नकोस. वैद्यकीय होऊ दे, यादी लागू दे, मग घे. नंतर प्रशिक्षणाला बोलावतील. त्याआधी निदान महिनाभर हातात असला पाहिजे. वरची कातडी भरायलाच दोन-तीन आठवडे लागतात. तोवर साबण-पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं, खपली काढायची नाही, विहिरीत उतरायचं नाही, उन्हात हात उघडा ठेवायचा नाही. हळद-तेल अजिबात नाही. डॉक्टर सांगतील ते मलम. आणि वर्षभर रक्तदान करता येणार नाही, हेही लक्षात ठेव. आपल्या घरात तुझं आणि तुझ्या बापाचंच रक्त जुळतं.

ती : थांबते. यादी लागेपर्यंत थांबते. पण आत्या, आता मी एक विचारू? तुझ्या हातावर गोंदण का नाही?

मी हात पुढं केला. साठी ओलांडलेला, सुरकुतलेला आणि कोरा. माझ्या वयाच्या गावातल्या बहुतेक बायांच्या हातावर निदान एक ठिपका आहे.

मी : मी सात वर्षांची असताना गोंदणारीण आली होती. आजीनं, म्हणजे मायच्या सासूनं, मला धरून आणलं. माय चुलीपुढून उठली आणि दारात उभी राहिली. एवढंच म्हणाली, “हिला नको. मोठी झाली की तिचं ती बघंल.” सासूपुढं तिनं तोंड उघडल्याचं मला आठवतं ते तेवढंच. पुढं मी शाळेत गेले, अंबाजोगाईला नर्सिंग शिकले. मला वाटायचं, तिला गोंदणाचा राग होता म्हणून तिनं मला वाचवलं.

ती : राग असता तर तिनं आयुष्यभर ते मिरवलं नसतं. आत्या, तिनं ‘गोंदू नका’ असं म्हटलंच नाही. ‘तिचं ती बघंल’ म्हटलं.

ओसरीवर बराच वेळ कुणी बोललं नाही. वर्षानुवर्षं मी त्या वाक्याचा पहिला अर्धा भागच ऐकत आले होते. मायनं माझा हात कोरा ठेवला तो कोराच राहावा म्हणून नव्हे. तिला जे मिळालं नव्हतं ते तिनं मला दिलं: निवडायची मोकळीक. मी तिचा उपयोग न गोंदण्यासाठी केला. ही पोरगी तिचा उपयोग गोंदण्यासाठी करते आहे. एकाच दारात उभ्या राहिलेल्या बाईनं आम्हा दोघींना दिलेली ती एकच गोष्ट आहे.

माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. मी स्वतः गोंदून घेणार नाही. पण शैली आणि कलाकार कसा निवडावा हे विचारायला कुणी पोरगी आली, तर मी आता एका शब्दात थांबणार नाही. आधी तिला हात उन्हात धरायला सांगेन: हा उद्या कुठं राबणार, कुठल्या नोकरीला जाणार, साठाव्या वर्षी कसा दिसणार? ज्या रेषा त्या हातावर टिकतील त्याच घे. ज्याचा अर्थ तुला सांगता येतो तेच घे. आणि जो सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडतो, जुनं काम दाखवतो आणि गरज पडली तर नको म्हणतो, त्याच्याकडंच जा. तो बीडला मिळाला तर बीडला, नाहीतर संभाजीनगर किंवा पुण्याला. जन्मभराच्या गोष्टीसाठी काही तासांचा प्रवास जास्त नाही.

दिवेलागणीला ती बीडची एसटी धरायला निघाली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, “यादी लागली की त्या मुलीकडं जाऊ. तू येशील ना?”

मायच्या वेळी दोन बाया आल्या होत्या, एक पाय धरायला आणि एक हात. मी म्हटलं, “येईन. तुझा हात धरायला नाही. सुईचं पाकीट फुटताना बघायला.”